गोठ्याचे पाणी विहिरीत
(जिल्हा बैठकीतील भाषण)



कापसाच्या भावावर दुपारी बोलूच. आधी विहिरीच्या पाण्याबद्दल.

चारा पोटभर खाते, ताप नाही, तरी महिनोन्‌महिने पातळ हगते आणि वाळत जाते, असे ढोर तुम्ही पाहिले असेल. आमच्याच गोठ्यातली एक गाय अशी गेली. कृषीची पदवी हातात, आणि आम्ही तिला जंताचे औषध पाजत बसलो! हा जोन्स रोग. जर्मनीत १८९५ साली त्याची ओळख पटली. जंतू क्षयाच्या जंतूचा चुलतभाऊ. वासराला लागण शेणातून, दुधातून होते; रोग दिसतो काही वर्षांनी.

माणसाच्या आतड्यालाही क्रोन्स नावाचे असेच चिवट दुखणे होते. कळा, हगवण, अंग झडणे. स्कॉटलंडचे सर्जन डॅल्झिएल यांनी १९१३ सालीच लिहिले की, हे गुरांच्या त्या रोगासारखे दिसते. पुढे क्रोन्सच्या काही रोग्यांच्या आतड्यात तोच जंतू सापडला. मग तो गोठ्यातून माणसात येतो कसा? एक संशय दुधावर, दुसरा पाण्यावर. ब्रिटनमध्ये वेल्सच्या डोंगरांवर गुरेमेंढ्या चरतात, पावसात शेण धुऊन टाफ नदीत येते, खाली कार्डिफ शहर. त्या नदीत हा जंतू असल्याचे २००५ साली प्रसिद्ध झाले.

म्हणजे सिद्ध झाले का? नाही. सगळ्या रोग्यांत तो सापडत नाही, आणि धडधाकट माणसांतही सापडतो. वाळलेल्या पऱ्हाटीच्या मुळाशी बुरशी दिसली म्हणजे झाड तिनेच मेले असे नसते, हे तुम्हाला आम्ही काय सांगावे? तेव्हा भीतीने कुणी गाय बाजारात नेऊ नये.

आपल्याकडे वेगळा घोळ आहे. आतड्याचा क्षय आणि क्रोन्स इतके सारखे दिसतात की मोठ्या दवाखान्यातही चकवा बसतो. क्षयाचे औषध दोन-तीन महिने नियमाने घेऊनही उतार नसेल, तर डॉक्टरांना पुन्हा तपासायला सांगा. औषध मात्र मनाने बंद करू नका.

आता विहीर. टीसीएल पावडर पटकीचा जंतू मारते, ती टाकलीच पाहिजे. पण हा जंतू मेणचट कवचाचा, क्लोरीनला सहजी दाद देत नाही, पाण्यात महिनोन्‌महिने तगतो. उकळल्यावर मरतो खरा. पण रोज सगळे पाणी उकळायला सरपण कुठले? ते ओझे पुन्हा बाईच्याच डोक्यावर. म्हणून शेण विहिरीत जाऊच नये. कठडा बांधा, भोवती ओटा आणि नाली करा. ढोरांचा हौद उताराला, वेगळा. हगवणीचे ढोर वासरांपासून दूर बांधा आणि त्याचे शेण पशुवैद्याकडून तपासून मागा. या कामाला ग्रामपंचायतीकडे पैसा नाही म्हणतील, तर ग्रामसभेत हिशेब विचारा.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकाने मोजून यावे, आपला उकिरडा विहिरीपासून किती पावलांवर आहे, आणि वरच्या अंगाला आहे की खालच्या.