मुलाखत कशाची घ्यावी?



7 जून 1916 रोजी विनायक नरहर भावे हा वीस वर्षांचा तरुण अहमदाबादच्या कोचरब आश्रमात पोहोचला, तेव्हा गांधीजी भाजी चिरत बसले होते. त्यांनी त्याच्याही हाती सुरी दिली. असे काम त्याने पूर्वी केले नव्हते. हाच आपला पहिला धडा, असे विनोबा पुढे सांगत. भाजी चिरता चिरताच बोलणे झाले. पुढच्या वर्षी प्रकृती आणि वाईतील संस्कृत अध्ययन यांसाठी त्यांनी वर्षभराची रजा घेतली; ती संपताच ते परतले. एप्रिल 1921 मध्ये जमनालाल बजाजांच्या आग्रहावरून वर्ध्याच्या आश्रमाची धुरा त्यांच्याकडे आली. वर्ध्याला विनोबा लाभले ते असे, पाच वर्षांच्या पारखीनंतर!

आज हिंगणघाट-आर्वीचा पदवीधर नोकरीसाठी पुण्याला जातो आणि पंधरा मिनिटांत निकाली निघतो. बोलण्यातले वऱ्हाडी वळण ऐकून परीक्षकाच्या कपाळावर आठी उमटते. विक्रीच्या कामाला वाक्चातुर्य हवेच, त्याबद्दल वाद नाही. परंतु दिवसभर यंत्रावर उभे राहणाऱ्याकडून सफाईदार इंग्रजीची अपेक्षा कशासाठी?

पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी 15 ऑगस्ट 2015 रोजी लाल किल्ल्यावरून हा विषय काढला आणि 1 जानेवारी 2016 पासून केंद्राच्या क व ड गटांतील, तसेच ब गटातील अराजपत्रित पदांसाठीची मुलाखत बंद झाली. कौशल्य चाचणी मात्र ठेवता येते, तीही केवळ पात्रतेपुरती. शिफारशीच्या चिठ्ठीसाठी पुढाऱ्यांचे उंबरठे झिजवणाऱ्या बापांना या निर्णयाचे मोल विचारावे.

खासगी शाळांत मुलाखत अजून आहे. ‘पवित्र’ पोर्टलमधून मुलाखतीसह शिक्षक निवडताना मुलाखत आणि अध्यापन कौशल्य यांना 30 गुण असतात. ज्या खोलीत देणगीची कुजबुज चालते, तिथे हे गुण कशाचे मोजमाप करतात, हे सांगण्याची आवश्यकता नाही. राष्ट्रकार्याचे नाव घेणाऱ्या संस्थाचालकांनीही येथे स्वतःकडे पाहावे. उमेदवाराच्या हाती खडू द्यावा, त्याला आठवीच्या वर्गात न्यावे, एक अपूर्णांक शिकवू द्यावा. मागच्या बाकावर पालक बसलेले असावेत. तास संपल्यावर मुलांना तेच गणित फळ्यावर सोडवायला लावावे आणि मग गुण भरावेत.