शेवटचा सामना झालाच नाही: माँट्रियल कॅनेडियन्सचा 1918-19 चा हंगाम

आज एका हॉकी संघाची गोष्ट सांगणार आहे. ध्यानचंदांची हॉकी नव्हे, बर्फावरची. तुमच्यापैकी कोणी हिवाळ्यात लेहला गेलं असेल तर गोठलेल्या तळ्यावर मुलंमुली हा खेळ खेळताना पाहिलीही असतील. पायात पात्यांचे बूट, हातात काठी, आणि चेंडूऐवजी रबराची काळी चकती. तिला पक म्हणतात. एवढं माहीत असलं तरी पुढचं सगळं कळेल.

हंगाम 1918-19 चा. संघ माँट्रियल कॅनेडियन्स. हा संघ आजही खेळतो, आणि या खेळातला सर्वांत मोठा चषक, स्टॅन्ली कप, सर्वांत जास्त वेळा त्यानेच जिंकला आहे. पण मी निवडलेल्या हंगामात तो ना जिंकला, ना हरला. हे कसं झालं ते सांगतो.

आधी ते वर्ष डोळ्यांपुढे आणा. आपल्याकडे 1918 म्हटलं की जुन्या माणसांच्या तोंडी एकच शब्द यायचा: मानमोडी. माझी पणजी बडोद्याची. तिच्या घरात एकाच पंधरवड्यात तीन माणसं गेली, हे मी लहानपणी आजीकडून ऐकलेलं आहे. जूनमध्ये मुंबईच्या बंदरातून सुरू झालेली साथ सप्टेंबर-ऑक्टोबरात फार भयंकर रूप घेऊन परत आली, आणि हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसं तिने नेली. तोच इन्फ्लुएंझा त्याच महिन्यांत कॅनडातही होता. ऑटावा संघाचा हॅम्बी शोअर नावाचा खेळाडू ऑक्टोबर 1918 मध्ये, हंगाम सुरू होण्याआधीच, त्याने गेला. आजारी बायकोची शुश्रूषा करताना त्याला लागण झाली होती.

म्हणजे साथ कोणाला माहीत नव्हती असं नाही. पण नोव्हेंबरात महायुद्ध थांबलं, लोक रस्त्यावर येऊन नाचले, आणि डिसेंबरात हॉकी सुरू झाली.

आता व्यावसायिक हॉकी म्हणजे तेव्हा काय होतं, तर अगदीच नाजूक प्रकरण. नॅशनल हॉकी लीग, म्हणजे एनएचएल, स्थापन होऊन जेमतेम एक वर्ष झालेलं. पहिल्याच हंगामात, जानेवारी 1918 मध्ये, माँट्रियलचं वेस्टमाउंट अरीना जळून खाक झालं. त्यात वाँडरर्स नावाचा जुना, मानाचा संघ कायमचा संपला. कॅनेडियन्सही तिथेच खेळायचे, ते लहानशा ज्युबिली रिंकमध्ये गेले. दुसऱ्या हंगामात लीगमध्ये उरले संघ किती? तीन. कॅनेडियन्स, ऑटावा आणि टोरोंटो. आणि त्यातल्या टोरोंटोने पैशाअभावी फेब्रुवारीतच अंग काढून घेतलं. हे टोरोंटो म्हणजे कोण, तर आदल्या वर्षीचे स्टॅन्ली कप विजेते! राहिले दोन. त्यांनी आपसात सात सामन्यांची मालिका ठरवली आणि कॅनेडियन्सने ती चार-एक अशी जिंकली.

संघाचा मालक आणि व्यवस्थापक जॉर्ज केनेडी हा पूर्वीचा कुस्तीगीर. त्याचं खरं आडनाव केंडल. गोलरक्षक जॉर्ज वेझिना, शांत, अबोल माणूस. कर्णधार न्यूझी लालोंद, त्या काळचा बहुधा सर्वांत चांगला गोल करणारा आणि तितकाच तापट. आणि बचावफळीत जो हॉल.

या जो हॉलपाशी मी जरा थांबणार आहे. जन्म 1881 चा, इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशायरचा, पण वाढला कॅनडात. मॅनिटोबा प्रांतातलं ब्रँडन हे त्याचं गाव. हॉकीपटूंना उघडपणे पगार देणारी पहिली लीग अमेरिकेतल्या मिशिगनच्या तांब्याच्या खाणींच्या मुलखात 1904 मध्ये निघाली, त्या लीगमध्येही तो खेळला होता. पुढे क्वेबेक संघाबरोबर 1912 आणि 1913 असा लागोपाठ दोनदा स्टॅन्ली कप. वर्तमानपत्रांनी त्याला नाव दिलं होतं ‘बॅड जो हॉल’. नाव उगाच पडलं नव्हतं. जानेवारी 1918 मध्ये टोरोंटोच्या एका खेळाडूबरोबर त्याची काठ्यांनी अशी जुंपली की पोलिसांनी दोघांनाही पकडून नेलं. लालोंदशी तर त्याचं जुनं वैर होतं. दोघांनी एकमेकांच्या अंगावर काठ्या चालवलेल्या.

मग एनएचएल निघाली तेव्हा क्वेबेकने संघ उतरवला नाही, तिथले खेळाडू वाटले गेले, आणि हॉल आला कॅनेडियन्सकडे. लालोंदच्याच संघात! संघ बाहेरगावी जायचा तेव्हा दोघं एकाच खोलीत उतरू लागले. मला या हंगामातली ही सर्वांत आवडती गोष्ट वाटते. वैर मिटवण्यासाठी कोणी मध्यस्थी केली नाही, सभा घेतली नाही. एका खोलीत दोन खाटा, एवढंच.

स्टॅन्ली कपची अंतिम लढत तेव्हा पूर्वेचा विजेता आणि पश्चिमेचा विजेता यांच्यात व्हायची, एक वर्ष इकडे, एक वर्ष तिकडे. पश्चिमेची लीग पॅट्रिक बंधूंची. फ्रँक आणि लेस्टर. वडिलांचा लाकडाचा धंदा होता, तो विकून आलेल्या पैशांतून त्यांनी कृत्रिम बर्फाची रिंक बांधली आणि पूर्वेचे खेळाडू जास्त पैसे देऊन उचलले. आपल्याला ही पद्धत अनोळखी नाही. 1919 मध्ये पाळी पश्चिमेची होती, आणि तिकडचा विजेता होता सिअॅटल मेट्रोपॉलिटन्स. याच सिअॅटलने 1917 मध्ये कॅनेडियन्सना हरवून कप नेला होता, आणि तो नेणारा तो पहिला अमेरिकी संघ. तेव्हा बर्नी मॉरिस या एका खेळाडूने चार सामन्यांत 14 गोल केले होते. कॅनेडियन्सना ते विसरणं शक्य नव्हतं.

म्हणजे रेल्वेने अख्खा खंड ओलांडून, कित्येक दिवसांचा प्रवास करून, जुना हिशेब चुकवायला ही मंडळी निघाली. हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढेच खेळाडू. आजच्यासारखी वीसजणांची फळी नव्हे.

तिकडे पोचतात तो काय, बर्नी मॉरिस संघात नाहीच. सैन्यभरती चुकवल्याच्या आरोपावरून अमेरिकी लष्कराने त्याला नेमकं अंतिम लढतीआधी अटक केली होती. त्याची रवानगी पुढे अल्काट्राझच्या तुरुंगात झाली. युद्ध संपून चार महिने झाले होते, तरी!

सिअॅटल शहराचंही ते वर्ष तसंच गेलेलं. ऑक्टोबरात साथीमुळे सभा-नाटकं बंद, ट्राममध्ये तोंडाला फडकं बांधल्याशिवाय प्रवेश नाही. युद्ध थांबलं त्या सुमारास ती बंधनं उठली. फेब्रुवारीत 65,000 कामगारांचा सार्वत्रिक संप. मार्चमध्ये लोकांना थोडी मजा हवी होती, आणि ती बर्फावर मिळत होती.

आता मालिका. यात एक गंमत अशी की दोन्हीकडचे नियम वेगळे. पूर्वेकडे सहाजणांचा संघ, पश्चिमेकडे सातजणांचा. तो सातवा, ज्याला रोव्हर म्हणत, मैदानभर कुठेही फिरायचा. म्हणून एक सामना यांच्या नियमांनी, पुढचा त्यांच्या. पहिला पश्चिमेच्या नियमांनी झाला: सिअॅटल 7, माँट्रियल 0. दुसरा पूर्वेच्या: माँट्रियल 4, सिअॅटल 2, आणि चारही गोल एकट्या लालोंदचे. तिसरा पुन्हा पश्चिमेच्या: सिअॅटल 7-2, त्यात चार गोल फ्रँक फॉयस्टनचे. नियम बदलले की संघ बदलल्यासारखा वाटायचा.

चौथा सामना 26 मार्चला. सिअॅटलने तो जिंकला असता तर कप त्यांचा होता. या सामन्याबद्दल वाचताना मला नेहमी वाटतं की आपण तिथे असायला हवं होतं. एका बाजूला वेझिना, दुसऱ्या बाजूला हॅप होम्स, आणि दोघंही काही आत जाऊ देईनात. नेहमीची 60 मिनिटं संपली, 0-0. जादा वेळ दिली, तरीही 0-0. शेवटी थांबवावं लागलं. खेळाडूंमध्ये उभं राहायचीही ताकद उरली नव्हती, आणि सिअॅटलच्या प्रेक्षकांनी दोन्ही संघांसाठी टाळ्या वाजवल्या. पाहुण्या संघासाठी उठून टाळ्या वाजवणारं घरचं मैदान आपल्याला सहसा बघायला मिळत नाही, म्हणून मुद्दाम सांगितलं.

पाचवा सामना मार्चच्या अखेरीस. सिअॅटल 3-0 पुढे. कप पुन्हा हाताशी. आणि मग कॅनेडियन्सने तीन गोल फेडले. पुन्हा जादा वेळ. पश्चिमेचे खेळाडू इतके दमले होते की एकामागून एक बर्फाबाहेर जायला लागले, आणि त्या गडबडीत जॅक मॅकडोनाल्डने चौथा गोल मारला. माँट्रियल 4-3. मालिका दोन-दोन, एक बरोबरीत.

पण या सामन्यात आणखी एक गोष्ट घडली होती. जो हॉल मध्येच खेळ सोडून बाहेर गेला होता. सदतीस वर्षांचा, वीसेक वर्षं मार देणारा आणि मार खाणारा माणूस स्वतःहून बाहेर गेला. त्या वेळी बहुतेकांना वाटलं, थकला असेल. दोन जादा वेळांचे सामने लागोपाठ झाल्यावर कोण थकणार नाही?

निर्णायक सामना 1 एप्रिलला होता. त्या दिवशी कॅनेडियन्सचे हॉल, लालोंद, मॅकडोनाल्ड, बर्लिंगेट, कुटू आणि खुद्द केनेडी एवढेजण अंथरुणावर होते. अंगात ताप 101 ते 105. साथीची पुढची लाट शहरात होतीच. सुरू व्हायला काही तास राहिले असताना सामना रद्द झाला.

केनेडीने आधी मार्ग काढायचा प्रयत्न केला. व्हिक्टोरियाच्या संघातले खेळाडू उसने घेऊन खेळतो, म्हणाला. ते मान्य झालं नाही. मग त्याने सांगितलं, आम्ही खेळू शकत नाही, कप सिअॅटलने घ्यावा. नियमाप्रमाणे ते बरोबरच होतं. संघ मैदानात उतरला नाही तर समोरचा विजयी.

सिअॅटलचा व्यवस्थापक पीट मल्डूनने तो घ्यायला नकार दिला. आजारी पडलेल्या संघाकडून असा कप नको, असं त्याचं म्हणणं. याबद्दल त्याचं कौतुक होतं आणि व्हावंही. पण मी थोडं वेगळं बघतो. मल्डूनचे खेळाडूही त्याच बर्फावर, त्याच माणसांना धक्के देत पाच सामने खेळले होते. त्यांच्यातलं कोणीही त्या खाटांवर असू शकलं असतं. ज्याला हे कळलं, त्याला कप मागायचं सुचलंच नसणार. शिवाय लक्षात घ्या, सिअॅटलला तो कप लगेच पुढच्या वर्षी मिळेल याची काही खात्री नव्हती. 1920 मध्ये ते पुन्हा अंतिम लढतीत पोचले, ऑटावाकडून हरले, आणि त्यानंतर त्यांना संधी मिळालीच नाही.

बाकीचे हळूहळू सावरले. हॉलला न्यूमोनिया झाला. 5 एप्रिल 1919 रोजी सिअॅटलच्या रुग्णालयात तो गेला. अंत्यविधी व्हँकुव्हरला झाला. ज्या माणसाला मैदानावर काठ्यांनी, पोलिसांनी, दंडांनी थांबवता आलं नाही, त्याला आठवडाभरात तापाने नेलं. लालोंद त्यातून वाचला. खोलीतली दुसरी खाट मात्र रिकामी झाली. लालोंद जगला 1970 पर्यंत.

केनेडी बरा झाला असं वाटलं, पण तो पूर्ण बरा कधीच झाला नाही. त्या आजाराने खिळखिळा झालेला तो माणूस ऑक्टोबर 1921 मध्ये वारला. त्याच्या पत्नीने संघ विकला, 11,000 डॉलरला. आज याच संघाची किंमत अब्जांमध्ये मोजतात. गोलरक्षक वेझिना या साथीतून सुटला, पण 1926 मध्ये क्षयाने गेला. उत्कृष्ट गोलरक्षकाला दरवर्षी त्याच्याच नावाचा चषक देतात. हॉलला 1961 मध्ये हॉकीच्या हॉल ऑफ फेममध्ये घेतलं गेलं.

आणि सिअॅटल? ज्या रिंकवर हे सगळं झालं, तिथे पाचच वर्षांत मोटारी ठेवायचं गॅरेज झालं आणि 1924 मध्ये संघ बंद पडला. मोठ्या लीगची हॉकी त्या शहरात परत यायला 2021 उजाडलं.

स्टॅन्ली कप 1893 पासून दिला जातो. मालकांनी टाळेबंदी केली म्हणून 2005 मध्ये तो दिला गेला नाही, ते एक वर्ष. दुसरं हे 1919. कपावर विजेत्यांची नावं कोरतात, आणि 1919 च्या जागी कितीतरी वर्षं काहीच नव्हतं. पुढे 1948 मध्ये कपाची घडण बदलली तेव्हा ती जागा भरली. तिथे दोन संघांची नावं आहेत, माँट्रियल कॅनेडियन्स आणि सिअॅटल मेट्रोपॉलिटन्स. खाली एक ओळ आहे, तिचा अर्थ: मालिका पूर्ण झाली नाही.