ऋद्धपूर: एका गावाचा सातशे वर्षांचा नकाशा

आजचा भाग एका गावावर आहे आणि गाव आपल्याच वऱ्हाडातलं आहे. जिल्हा अमरावती, तालुका मोर्शी. चांदूर बाजार आणि मोर्शीच्या मधल्या पट्ट्यात हे गाव येतं. उत्तरेला सातपुडा, पूर्वेला वर्धा नदी, खाली काळी जमीन, आणि आजूबाजूला कपाशी, तूर, संत्र्याच्या बागा. बाहेरून आलेल्या माणसाला गाडीतून उतरावंसं वाटेल असं वरवर तरी काही नाही.

नाव ऋद्धपूर. कोणी रिद्धपूर लिहितं, कोणी ऋद्धिपूर, आणि इंग्रजीतल्या जुन्या संशोधनात 'रिठपूर' सापडेल. सर्च करताना तिन्ही टाकून बघा, नाहीतर अर्धा इतिहास हाती लागणारच नाही.

मराठी भाषा विद्यापीठामुळे हे नाव तुम्ही गेल्या दोन-तीन वर्षांत ऐकलं असेल. २०२३ च्या राज्याच्या अर्थसंकल्पात त्याची घोषणा झाली. सदानंद मोरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. २०२४ मध्ये डॉ. अविनाश आवलगावकर पहिले कुलगुरू झाले. मुंबई, पुणे, नागपूर सोडून मराठीचं विद्यापीठ एका खेड्यात का, असं माझ्या अकोल्याच्या एका मित्रानं मला विचारलं होतं. त्याला मी फोनवर जे सांगितलं, तेच आज जरा सविस्तर सांगतो.

सुरुवात एका राणीपासून करू. पाचव्या शतकात इकडे वाकाटकांचं राज्य होतं. गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी प्रभावतीगुप्ता वाकाटकांच्या घरात सून म्हणून आली आणि नवरा लवकर गेल्यावर मुलांच्या नावानं तिनं राज्यकारभार पाहिला. तिचा एक ताम्रपट ऋद्धपूरला सापडला. मुलगा दुसरा प्रवरसेन याच्या कारकिर्दीच्या एकोणिसाव्या वर्षाचा, रामटेकच्या रामगिरिस्वामींच्या पायांपासून दिलेला. नल वंशातल्या भवत्तवर्मा राजाचाही ताम्रपट इथलाच. म्हणजे इतिहासाची हजेरी या गावात चांगली जुनी आहे. पण ताम्रपट संस्कृतात असतात आणि त्यात काय असतं? कोणत्या राजानं कोणाला जमीन दिली. थोडक्यात सातबारा. गावातली माणसं सकाळी उठून कुठे जात होती, हे ताम्रपट सांगत नाही.

ते सांगणारं लिखाण या गावात आठशे वर्षांनी झालं.

तेराव्या शतकात इथे गोविंदप्रभू राहत होते. गुंडम राऊळ. जन्म जवळच्या काटसूरचा, आईवडील लहानपणी गेले, नातेवाइकांनी ऋद्धपूरला आणून वाढवलं. महानुभाव पंथात ते परमेश्वराचा अवतार आहेत, चक्रधरस्वामींचे गुरू. गावातल्या बऱ्याच लोकांना मात्र ते वेडे वाटायचे. कोणाच्याही घरात शिरायचे, चुलीवरचं भांडं उघडून बघायचे, आवडलं तर खायचे, पोरांबरोबर खेळायचे. कोणाची जात बघायचे नाहीत. त्या काळी गावाबाहेर ठेवलेल्या मातंगांच्या वस्तीतही जायचे. लोक चिडायचे, हसायचे, आणि हळूहळू त्यांनाच आई आणि बाप म्हणायला लागले.

गुजरातेतून आलेले चक्रधर याच गावात त्यांना भेटले. पुढे चक्रधर महाराष्ट्रभर फिरले, आणि ते निघून गेल्यावर त्यांचे शिष्य, नागदेवाचार्य, म्हाइंभट, महदाइसा, ही सगळी मंडळी गोविंदप्रभूंच्या सेवेला ऋद्धपुरात येऊन राहिली. आता विचार करा. एका खेड्यात पंडित आले, संन्यासी आले, विधवा बाया आल्या, आणि दिवसभर करायचं काय? आठवणी काढायच्या. स्वामी तिथे बसले होते, इथे जेवले होते, अमक्याला असं म्हणाले होते.

म्हाइंभटांनी या आठवणी लिहून काढायला घेतल्या. गावातल्या वाजेश्वरी या जागी त्यांनी हे काम केलं असं मानतात. काळ साधारण १२७८ च्या आसपासचा. तो ग्रंथ म्हणजे लीळाचरित्र, मराठीतला पहिला गद्य ग्रंथ म्हणून आपण शाळेत ज्याचं नाव पाठ करतो तो. परीक्षेत एका मार्काला येतो आणि आपण पुढे जातो. पण म्हाइंभटांची पद्धत बघा. ज्यानं प्रत्यक्ष पाहिलं त्याला शोधायचं, त्याच्या गावी जायचं, विचारायचं. आज याला आपण फील्डवर्क म्हणतो. गोविंदप्रभू गेल्यावर त्यांच्याही अशाच आठवणी गोळा झाल्या. ते गोविंदप्रभुचरित्र, ज्याला ऋद्धपूरलीळाही म्हणतात.

माझं खरं प्रेम या दुसऱ्या पुस्तकावर आहे. कारण त्यात एक माणूस आहे आणि एक गाव आहे, बस. देऊळ, तळं, विहीर, बाजार, कुंभाराचं घर, तेल्याचं घर, वेस. वाचता वाचता डोक्यात गावाचा नकाशा तयार होतो. ॲन फेल्डहाउस नावाच्या अमेरिकन अभ्यासिकेनं त्याचं इंग्रजी भाषांतर केलं, १९८४ मध्ये ऑक्सफर्डनं छापलं. याच बाईंनी शं. गो. तुळपुळ्यांसोबत जुन्या मराठीचा कोशही केला. पार ॲरिझोनात राहणारी बाई तेराव्या शतकातल्या वऱ्हाडी गावाच्या गल्ल्या ओळखते, आणि आपण बायपासनं निघून जातो. असो.

त्या चरित्रातली एक गोष्ट सांगतो. मातंगांना पाणी नव्हतं. गावच्या विहिरीवर त्यांना येऊ देत नव्हते. ते राऊळांकडे आले. त्यांनी जागा दाखवली, लोकांनी तिथे खणलं आणि पाणी लागलं. चमत्कार मानायचा की नाही, तुमचं तुम्ही ठरवा. मला त्यात दिसतं ते वेगळं: पाणी कोणाला मिळायचं आणि कोणाला नाही, याची नोंद एका मराठी पुस्तकानं सातशे वर्षांपूर्वी करून ठेवली. आणि आजही मोर्शी-वरूड पट्ट्यात तुम्ही कोणाच्याही ओसरीवर बसा, दहा मिनिटांत विषय पाण्यावर येतो. संत्र्यासाठी इतका उपसा झाला की बोअर शेकडो फूट खाली गेले. 'डार्क झोन' हा शब्द इथल्या शाळकरी पोराला माहीत आहे.

आता गावात गेलात तर काय बघाल? राजमठ बघाल. आणि जागोजागी ओटे. महानुभावांची देवस्थानं अशीच असतात. मोठी मूर्ती असेलच असं नाही. एक चौथरा असतो, आणि तो सांगतो की इथे स्वामी बसले, इथे जेवले, इथे रात्री राहिले. बसले ते आसनस्थान, वस्ती केली ते वसतिस्थान, अशी प्रत्येकाला नावं आहेत. चक्रधरस्वामींच्या अशा जागांची तर 'स्थानपोथी' नावाची वेगळी पोथीच आहे, कोणत्या गावात, कोणत्या दिशेला, कुठलं स्थान. तुम्ही गुगल मॅपवर पिन टाकता नं, ते काम या लोकांनी चुना-दगडानं आणि पोथीनं केलं. पुढे नारायणबास बहाळिये यांनी तर 'ऋद्धपूरवर्णन' नावाचं अख्खं काव्य लिहिलं. महानुभावांच्या साती ग्रंथांत, म्हणजे सात मोठ्या काव्यांत, एक काव्य फक्त या गावावर आहे. आपल्या किती शहरांच्या नशिबी हे आलं?

महदाइसेचे धवळेही इथलेच. गोविंदप्रभूंच्या लग्नाचा घाट घातला गेला, त्यावेळी तिनं रुक्मिणीच्या लग्नाची गाणी रचली. रुक्मिणीचं माहेर मानलं जातं ते कौंडिण्यपूरही आपल्याच जिल्ह्यात, वर्धेच्या काठावर. मराठीतल्या पहिल्या कवयित्रीनं आपल्या वऱ्हाडाच्या लेकीचं लग्न गायलं, हे मला फार गोड वाटतं.

आणि भाषा मराठीच का, याचीही आठवण पंथानं जपली आहे. केशिराज पंडित संस्कृतात लिहायला निघाले, तेव्हा नागदेवाचार्यांनी थांबवलं. माझ्या म्हाताऱ्या बायांना ते कळणार नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. त्या म्हाताऱ्या बायांचा उपकार पुढे फार मोठा ठरला. कारण लीळाचरित्राची मूळ पोथी चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला, सुलतानी फौजांच्या धामधुमीत गेली. मग ज्यांना तोंडपाठ होतं त्यांच्याकडून ते पुन्हा उभं केलं गेलं, आणि त्यात हिराइसा या बाईची आठवण मोठी होती. म्हणजे आज ग्रंथालयात जे पुस्तक दिसतं, ते मधे काही काळ माणसांच्या डोक्यातच राहत होतं.

नंतर महानुभावांनी पोथ्या सकळी, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहिल्या. बाहेरच्यांना वाचता येत नव्हत्या. विसाव्या शतकात राजवाड्यांनी सकळी लिपी उलगडली. पुढे यवतमाळचे य. खु. देशपांडे, आपल्या बुलढाण्याचे वि. भि. कोलते यांनी आयुष्य घातलं. कोलत्यांचं लीळाचरित्र १९७८ ला आलं.

आता माझी काळजी सांगतो. विद्यापीठ आलं, चांगलंच झालं. पण विद्यापीठ आलं की रस्ता रुंद होतो, प्लॉट पडतात, ले-आउटला 'साई नगर' नाव लागतं. ओट्यांना सांभाळणारे आहेत, महंत आहेत, यात्रेकरू आहेत. ऋद्धपूरच्या शेजारच्या साध्या गावांचं काय, जिथे देव बसले नाहीत?

माझं आजोळ त्याच पट्ट्यात आहे. मागच्या दिवाळीत आबाजींना गाडीवर मागे बसवून शिवार फिरवलं आणि फोनवर रेकॉर्ड करत गेलो. गावखारी, बरडी, चिचेचं वावर, म्हसोबाचा धुरा. एका ठिकाणी म्हणाले, "इथं बुडक्या विहीर होती, तिले बुजवून टाकलं." मी विचारलं, बुडक्या का? तर म्हणे, "थे माह्या बापाले माहीत होतं." तासाभराच्या रेकॉर्डिंगमध्ये चाळीसेक नावं निघाली. सातबाऱ्यावर त्यातलं एकही नाही, तिथे फक्त गट नंबर आहे.

तर ऋद्धपूरला जा, संत्र्याच्या बहारात गेलात तर आणखी छान. आणि तुमच्या गावच्या वावरांची, विहिरींची, नाल्यांची नावं घरच्या मोठ्यांना विचारून आम्हाला व्हॉइस नोट पाठवा. गावाचं नाव आधी सांगा, मग जागेचं, आणि कोणी सांगितलं ते नातं. जमतील तेवढ्या एका भागात ऐकवू. भेटू पुढच्या गुरुवारी.