वीज महाग, भट्टी थंड



१९१५ साली खोपोलीची वीज मुंबईत आली आणि तिच्यावर आपल्या बापजाद्यांचे साचे फिरले. अॅल्युमिनियमचा मामला याहून अवघड. तिथे वीज नुसते यंत्र फिरवीत नाही, भुकटीतून धातूच ती वेगळा करते. टनामागे सुमारे १४ हजार युनिट लागतात! दर चढला की भट्टीच विझते.

आमच्या कोल्हापूरच्या डोंगरांतले बॉक्साइट बेळगावच्या कारखान्यात जाते. (बेळगाव आमचेच, हे काय सांगायला हवे?) तिथे पूर्वी धातूही निघे. वीज परवडेना, ते काम बंद पडले. आता पांढरी भुकटी तेवढी होते. धातू काढणाऱ्या हातांनी कुठे जायचे?

तिकडे ओरिसात हिराकुडच्या धरणाची वीज मिळाली, म्हणून १९५९ साली भट्टी पेटली. आमची कोयना १९६२ पासून वीज देते. मग आम्ही विचारतो, कोल्हापूरच्या मातीला कोयनेची वीज का नाही?