बर्फावरील पहिली पावले



बरगीच्या जलाशयाकाठी बसून बर्फावरील स्केटिंगविषयी बोलणे थोडे विपरीतच आहे. १९९० साली पूर्ण झालेल्या या धरणामागे नर्मदेचे अफाट पाणी साठले आहे, परंतु माघातल्या कडाक्याच्या पहाटेही त्याचा काठ गोठत नाही. तरीही या विषयाकडे मी वळले, ती भाषेच्या वाटेने.

क्रीडाविषयक एका इंग्रजी ग्रंथाचा अनुवाद करीत असता एका वाक्यापाशी मी अडले. स्केटिंग करणारा पात्याच्या बाहेरच्या कडेवर कलून वळण घेतो, असा त्याचा आशय होता. मी लिहून गेले, ‘तो बाहेरच्या बाजूला घसरतो’. वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष होते आणि अर्थदृष्ट्या साफ चुकीचे. मराठीत पाय घसरतो, जीभ घसरते, भाव घसरतात. यांपैकी काहीच कोणी हौसेने करीत नाही. हौसेची घसरण म्हणजे घसरगुंडी, आणि तीही मुलांची.

दुसरे कारण घरगुती होते. माझ्या आईचा पाय न्हाणीघरात घसरला आणि खुब्याचे हाड मोडले. तेव्हापासून आमच्या घरी जो तो भिंतीला हात लावून चालू लागला. चव्वेचाळिसाव्या वर्षी मीही ओली फरशी दिसली की आजारी माणसासारखी पावले टाकीत असे.

त्या जानेवारीत मी सिमल्याला गेले. तेथील लक्कर बाजाराजवळचे उघड्यावरील मैदान १९२० साली ब्लेसिंग्टन नावाच्या गृहस्थाने सुरू केले. मूळ टेनिसच्या मैदानावर पाणी सोडून त्याने बर्फ जमविला, असे सांगतात. तेथे नैसर्गिक बर्फावर स्केटिंग होत आले आहे. रात्री पाण्याचे पातळ थर देतात. आकाश निरभ्र असेल तर जमिनीची उष्णता वर निघून जाते आणि थर गोठतो. ढग आले की ती अडते आणि सकाळचा वर्ग बुडतो. गुरुजींहून ढगांची मर्जी मोठी!

माझ्या वर्गातले बहुतेक विद्यार्थी सात-आठ वर्षांचे होते. शिकविणाऱ्या गृहस्थांनी मला कठड्यापासून दूर नेले आणि म्हटले, ‘‘बहनजी, पहले गिरना सीखिए.’’ गुडघे वाकवून अंग खाली आणायचे, एका कुशीवर पडायचे, बोटांवरून कोणाचे पाते जाऊ नये म्हणून मुठी मिटायच्या. मग गुडघ्यांवर येऊन एक पाऊल रोवून उठायचे. मुले पडून हसत उठत होती. त्यांना जमीन जवळ असते. प्रौढ माणूस भीतीने गुडघे ताठ करतो, मागे रेलतो आणि नेमका त्यामुळेच पाठीवर किंवा डोक्यावर आपटतो. नर्मदेच्या शेवाळलेल्या घाटावरून उतरणारा नावाडी पाहा: गुडघे सैल, अंग किंचित पुढे, घाई नाही. ही विद्या आपल्या काठावर पूर्वीपासून आहे. मी ती सिमल्यात पैसे मोजून घेतली.

पहिल्या दिवशी मी सतरा वेळा पडले. दुसऱ्या दिवशी टाचा जवळ आणि चवडे फाकलेले ठेवून पाय दूर सारायचे व पुन्हा जवळ आणायचे, एवढे जमले. मग पात्याकडे नीट पाहिले. त्याची जाडी जेमतेम चार मिलिमीटर, आणि तळाला लांबीभर पन्हळ. म्हणून एकाच पात्याला आतली व बाहेरची अशा दोन कडा मिळतात. सरळ उभे राहिले तर दोन्ही बर्फाला लागतात. घोटा किंचित कलला की एकच कड उरते, आणि पाऊल आपोआप वळते. बाहेरच्या कडेवर मी जेमतेम हातभर अंतर गेले असेन. परंतु ते घसरणे नव्हते. घसरताना पायाखालचे सुटते. येथे कड बर्फात रुतून मला धरून होती.

तिसऱ्या सकाळी ढग आले आणि वर्ग झाला नाही. खोलीवर बसून मी ते वाक्य पुन्हा लिहिले: ‘पात्याची बाहेरची कड बर्फात रोवून, तिच्यावर कलत तो वळतो.’ मूळ वाक्याहून ते लांब झाले आहे, हे मान्य.

घरी परतल्यावर आईने एकच विचारले, ‘‘अगं, पडलीस की नाही?’’ मी आकडा सांगितला. मग, भिंतीचा हात न सोडता, कुशीवर कसे पडायचे ते तिने मला दोनदा करून दाखवायला लावले.