हत्यार आणि त्याचं नाव



भाषेच्या व्यासपीठावर कानस-हातोड्याबद्दल बोलायला उभा राहणारा माणूस तुम्हाला थोडा चुकून आलेला वाटेल. खडेबाजारात आमच्या घरामागच्या पडवीत मी लोखंडकामाची हत्यारं करतो. विकण्यासाठी नव्हे, स्वतःच्या कामासाठी. त्यातून ध्यानात आलेली एकच गोष्ट इथं सांगायची आहे. विकत आणलेलं हत्यार आपलं नाव खोक्यावर छापून घेऊन येतं. घरी केलेल्या हत्याराला, आणि ते करताना लागणाऱ्या प्रत्येक कृतीला, शब्द आपल्यालाच शोधावा लागतो.

बेळगावात हे बोलताना लक्ष्मणराव किर्लोस्करांचं नाव घ्यावंच लागतं. 1888 मध्ये त्यांनी सायकलचं दुकान काढलं ते या गावात, आणि लोखंडी नांगरही इथंच तयार झाला. 1910 मध्ये कारखाना कुंडलजवळच्या माळावर गेला आणि किर्लोस्करवाडी वसली. आपल्यासाठी महत्त्वाची गोष्ट पुढची आहे. त्या कारखान्यातून 1920 मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ निघालं आणि त्याचंच पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झालं. नांगराच्या ग्राहकाशी मराठीत बोलण्याची गरज होती, त्या गरजेतून मराठी वाङ्मयाला एक मासिक मिळालं. साहित्याच्या इतिहासात याची नोंद होते, पण ओतशाळेचा उल्लेख आपण घाईनं उरकतो.

आता पोगराकडे येऊ. पोगर म्हणजे लोखंड तोडायची जाड छिन्नी. झिजलेली कानस फेकून देऊ नये. तिच्यात कर्ब भरपूर असतो, म्हणून पोगराला ती चालते. आधी ती लालभडक तापवून राखेत पुरायची आणि रात्रभर तशीच ठेवायची. सकाळी ती मऊ झालेली असते. मग शेगड्यात, म्हणजे व्हाइसमध्ये, धरून दुसऱ्या कानशीनं घासायची. जुने दाते पुरते काढून टाकायचे, कारण तडा तिथूनच जातो. कानशीनं कानस घासायची ही गंमत विद्यार्थ्यांना फार आवडते. (डोळ्यांवर चष्मा हवाच. ही सूचना मी भाषणातसुद्धा गाळत नाही.)

धार आली की टोक पुन्हा लाल करायचं. किती लाल? लोहचुंबक चिकटेनासं होईपर्यंत आणि त्याच्या किंचित पुढं. मग फक्त टोकाकडचा इंचभर भाग कोमट पाण्यात बुडवायचा. याला ‘पाणी देणं’ म्हणतात. काही पोलादं पाण्यात तडकतात, म्हणून ती तेलात बुडवावी लागतात. तरीही मेस्त्री ‘पाणी दिलं’ असंच म्हणतात. ‘पाणीदार’ हा शब्द आपण डोळ्यांना, घोड्याला, माणसाला सहज लावतो, पण पात्याचं पाणी त्यात आहे हे वर्गात क्वचितच सांगितलं जातं. ‘प्रश्न ऐरणीवर आला’ हे तर रोज छापून येतं. ऐरण पाहिलेली किती मुलं तुमच्या वर्गात आहेत, एकदा विचारून पाहा.

पाणी दिलेलं टोक काचेसारखं कडक असतं आणि तसंच ठिसूळही. ते दगडावर घासून चकचकीत करायचं आणि बघत राहायचं. मागच्या भागातली उरलेली धग पुढं सरकते आणि चकाकीवर रंग धावू लागतात. पहिला फिकट पिवळा. इंग्रजी पुस्तकं त्याला ‘स्ट्रॉ’ म्हणतात; मी ‘पिंजराचा रंग’ म्हणतो. आमच्याकडे भाताच्या पेंढ्याला पिंजर म्हणतात, आणि पिंजर इथल्या प्रत्येकानं पाहिलेलं असतं. पुढं तपकिरी, मग जांभळा, मग निळा. रेघ ओढायच्या टोकदार सळीला पिंजरावर थांबवायचं. पोगराला जांभळ्यावर, म्हणजे सुमारे 280 अंशांवर, पुन्हा पाण्यात घालायचं. निळा आला की धारेसाठी उशीर झाला. स्प्रिंगला तो चालतो. हे सगळं काही क्षणांत घडतं, आणि त्या वेळी शेजारच्या शिकाऊ मुलाशी बोलायला शब्द तयार लागतात.

अमेरिकेत डेव्हिड गिंजरी यांनी 1980 च्या दशकात घरच्या कार्यशाळेवर पुस्तकमाला लिहिली: आधी कोळशाची भट्टी, तिच्यात भंगार अॅल्युमिनियम ओतून लेथ, त्या लेथवर पुढची यंत्रं. उद्यमबागेतल्या ओतशाळांच्या गावाला हे नवल वाटू नये. पण असं पायरीपायरीचं मराठी पुस्तक मी शोधतो आहे.

शब्दांची वाण नाही, हे मात्र नक्की. माझ्या एका बाकावर ‘सांडस’ आहे, तो संस्कृत संदंशापासून आला. ‘मारतूल’ पोर्तुगीज. ‘लेथ’ इंग्रजी. शेजारचा कन्नड मेस्त्री हातोड्याला ‘सुत्तिगे’ म्हणतो, सांडशीला ‘इक्कळ’, कानशीला ‘अर’ आणि ऐरणीला ‘अडिगल्लु’. त्यातलं ‘कल्लु’ म्हणजे दगड. लोखंडाच्या आधी घाव कशावर पडत होते, ते त्या शब्दात राहिलं असावं. आमची भांडणं पाट्यांवरून होतात. भट्टीपाशी मी त्याचा शब्द वापरतो, तो माझा.

म्हणून शिक्षकांकडे एक काम मागतो. मुलांना लोहार, सोनार, ओतारी यांच्याकडे पाठवा. हत्यारांची नावं दोन्ही भाषांत लिहून आणू द्या. नुसती नामं नकोत, क्रियापदंही हवीत. कोशांतून आधी तीच निसटतात. माझ्या वहीत अशी यादी सुरू आहे, आणि तिच्यात एक जागा रिकामी आहे. पिंजर आणि जांभळा यांच्यामध्ये एक रंग येतो, पिकल्या चिकूच्या सालीसारखा. त्याला काय म्हणतात, असं मी एका वृद्ध मेस्त्रींना विचारलं. त्यांनी पोगरावरची नजर हलवली नाही. म्हणाले, “त्याला नाव कशाला? तो आला की सांडशी उचलायची.” कुणाला तो शब्द ठाऊक असेल तर सभा संपल्यावर मला जरूर सांगा, वही बरोबर आणली आहे.