बान चाओ : चीनच्या सरहद्दीवरचा सेनापती



सेनापती म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे घोडदळ, नगारे, निशाणे आणि लाखालाखाची फौज उभी राहते. आज ज्याची हकिकत मी सांगणार आहे, त्या बान चाओजवळ यातले फारसे काही नव्हते. तरीही एकतीस वर्षे त्याने चीनची पश्चिम सरहद्द राखली. ती कशाच्या बळावर राखली आणि तो गेल्यावर ते सारे इतक्या लवकर का ढासळले, हे दोन प्रश्न आजच्या भाषणाचा विषय आहेत.

बान चाओचा जन्म इ. स. ३२ मधला. आपल्याकडे दक्षिणेत सातवाहनांची सत्ता होती, तो हा काळ. चीनमध्ये तेव्हा हान घराणे राज्य करीत होते आणि राजधानी लोयांग येथे होती. बान चाओचे घराणे विद्वानांचे. वडील इतिहासकार. थोरला भाऊ बान गू याने हान घराण्याचा प्रसिद्ध इतिहास लिहिला, आणि तो अपुरा राहिला तेव्हा बहीण बान झाओ हिने तो पुरा केला. असे हे घर; पण घरात पैसा नव्हता. म्हाताऱ्या आईला पोसण्यासाठी बान चाओ सरकारी कागदांच्या नकला करण्याचे काम करी. एके दिवशी कंटाळून त्याने हातातली लेखणी फेकून दिली आणि सरहद्दीवर जाऊन पराक्रम गाजवण्याची इच्छा बोलून दाखवली. सोबतचे कारकून हसले. पण लेखणी टाकून शिपाईगिरी पत्करणे, हा वाक्प्रचार चिनी भाषेत त्याच्यामुळे कायमचा रुजला.

आता तो मुलूख कसा होता ते पाहू. चीनच्या पश्चिमेला तकलामकान नावाचे विस्तीर्ण वाळवंट आहे. त्याच्या कडेकडेने, डोंगरांवरचे बर्फ वितळून येणाऱ्या पाण्यावर, खोतान, यारकंद, काशगर, कुचा अशी गावे वसली होती. प्रत्येक गाव म्हणजे एक लहानसे राज्यच. रेशमाचा व्यापार याच वाटेने चाले. उत्तरेच्या गवताळ प्रदेशात शिओंगनू नावाचे बलाढ्य घोडेस्वार लोक राहत. या लहान राजांनी शिओंगनूंना भ्यावे की चीनला भ्यावे? दोन पहिलवानांच्या मधे सापडलेल्या पोरासारखी त्यांची गत होती.

इ. स. ७३ मध्ये दौ गू या सेनापतीने बान चाओला या राज्यांकडे वकील म्हणून पाठवले. बरोबर माणसे होती अवघी छत्तीस. पहिला मुक्काम शानशानच्या राजाकडे पडला. राजाने प्रथम चांगले आदरातिथ्य केले. पुढे मात्र त्याची वागणूक थंड पडली. बान चाओने ताडले, की शिओंगनूंचे वकीलही इथे येऊन पोहोचले असावेत. त्याने सेवेतल्या माणसाला बोलावून, जणू आपल्याला सारे ठाऊकच आहे अशा थाटात, ते लोक कुठे उतरले आहेत असे विचारले. तो बिचारा घाबरून सगळे बोलून गेला! त्याच रात्री वारा सुटलेला पाहून बान चाओने त्यांच्या छावणीला आग लावली. दहा माणसे पाठीमागे नगारे बडवीत उभी केली, म्हणजे मोठी फौज आल्याचा भास व्हावा. शिओंगनूंची सारी मंडळी मारली गेली आणि शानशानचा राजा चीनच्या बाजूला आला. वाघाच्या गुहेत शिरल्यावाचून वाघाचा बछडा हाती लागत नाही, ही चिनी म्हण याच रात्रीची म्हणून सांगतात.

पुढे दौ गूने आणखी माणसे देऊ केली, तर छत्तीस पुरेत असे त्याने कळवले. पुढच्याच वर्षी काशगरला कुचाने लादलेल्या राजाला पकडून त्याने जुन्या राजघराण्यातला माणूस गादीवर बसवला. तेथील लोक त्याच्या बाजूला झाले ते यामुळे. पुढे बादशहाने त्याला परत बोलावले, तेव्हा खोतानच्या लोकांनी रडत त्याच्या घोड्याचे पाय धरले. तो माघारी वळला आणि तिथेच राहिला.

इ. स. ७८ मध्ये त्याने दरबाराला कळवले, की चीनमधून मोठी फौज आणि धान्य पाठवण्याची गरज नाही. इथल्याच राज्यांचे शिपाई घेऊन आणि इथल्याच शेतीवर जगून हे काम होईल. दोन वर्षांनी हजारभर माणसे आली. त्यांत काही स्वखुशीने आलेले, तर काही शिक्षा माफ झालेले कैदी.

आपल्याला जवळची वाटेल अशी एक लढाई इ. स. ९० मध्ये झाली. पुढे ज्या घराण्यात कनिष्क झाला, त्या कुशाणांनी चीनची राजकन्या मागितली होती. बान चाओने त्यांच्या वकिलाला वाटेतूनच परत पाठवले. तेव्हा सत्तर हजारांची कुशाण फौज पामीरचे घाट ओलांडून आली. त्याचे लोक घाबरले. तो म्हणाला की एवढ्या दुरून, डोंगर ओलांडून आलेल्या फौजेला दाणागोटा कुठून मिळणार? त्याने धान्य गोळा करून तटाच्या आत घेतले आणि स्वस्थ बसला. कुशाणांनी सोनेनाणे देऊन कुचाकडे धान्याला माणसे धाडली. ती त्याने वाटेत कापली. उपासमारीला आलेली फौज माफी मागून परत गेली, आणि त्याने तिला जाऊ दिले.

इ. स. ९१ मध्ये त्याला पश्चिम प्रदेशाचा मुख्य अधिकारी नेमले. इ. स. ९४ पर्यंत पन्नासांवर राज्यांनी चीनचे वर्चस्व मानले. इ. स. ९७ मध्ये त्याने गान यिंग नावाचा माणूस थेट रोमच्या शोधात पाठवला. तो पश्चिमेच्या समुद्रापर्यंत पोहोचला; पण समुद्रप्रवासाला दोन वर्षेही लागतील असे तिथल्या खलाशांनी सांगितल्यामुळे मागे फिरला.

हे सगळे गोडीगुलाबीने झाले असे मात्र कोणी समजू नये. काराशहरच्या राजाला त्याने भेटीला बोलावून मारले. त्या मोहिमेत पाच हजारांवर माणसे कापली गेली आणि पंधरा हजार कैद झाली. शिवाय ही सारी हकिकत चिनी इतिहासकारांनी लिहिलेली. त्या लहान गावांतल्या लोकांनी आपली बाजू लिहून ठेवली असती, तर ती निराळी वाचायला मिळाली असती.

तथापि माणसांशी वागण्याचे त्याचे एक उदाहरण सांगण्याजोगे आहे. ली यी नावाच्या अधिकाऱ्याने दरबाराकडे चहाडी केली, की बान चाओ बायकोमुलांत रमला आहे, त्याला देशाची फिकीर नाही. बान चाओने बायकोला दूर पाठवले. बादशहाने मात्र ली यीलाच खरडपट्टी काढून बान चाओच्या हाताखाली दिले. बान चाओने त्याला एका कामगिरीवर राजधानीकडे परत पाठवून दिले. सहकारी म्हणाला, हा तिकडे जाऊन पुन्हा निंदा करील, याला इथेच अडकवून ठेवा. बान चाओचे म्हणणे असे, की याने माझी निंदा केली म्हणूनच त्याला पाठवतो. माझ्या मनात काही काळे नाही, मग मी लोकांच्या बोलण्याला का भ्यावे?

इ. स. १०० मध्ये, उतारवयात, त्याने बादशहाला अर्ज केला. जिवंतपणी यूमेनच्या वेशीच्या आत पाऊल पडावे, एवढीच त्याची मागणी होती. बहिणीनेही त्याच्यासाठी रदबदली केली. अखेर इ. स. १०२ मध्ये तो लोयांगला पोहोचला आणि महिन्याभरातच वारला.

निघताना त्याच्या जागी आलेल्या रेन शांगने त्याला सल्ला विचारला. बान चाओने सांगितले, की इथले शिपाई काही सालस पोरे नव्हेत, अपराधापायी सरहद्दीवर आलेले आहेत. इथले लोकही लवकर बिथरतात. तुमचा स्वभाव कडक आहे. अगदी नितळ पाण्यात मोठा मासा राहत नाही. म्हणून लहानसहान चुका पोटात घाला आणि मुख्य सूत्र तेवढे हातात ठेवा. रेन शांग पाठीमागे म्हणाला, मला वाटले काही तरी विलक्षण युक्ती सांगेल. हे तर अगदी साधे बोलणे!

चारच वर्षांनी, इ. स. १०६ मध्ये, तिथे बंडे झाली. पुढच्या वर्षी चीनला तो प्रदेश सोडून द्यावा लागला. एकतीस वर्षांचे काम पाच वर्षांत गेले. पुढे त्याचाच मुलगा बान योंग याने इ. स. १२३ नंतर थोड्याशा माणसांनिशी त्यातला बराच भाग परत मिळवला.

काशगरमध्ये आज बान चाओचा पुतळा आहे आणि त्याच्या छत्तीस सोबत्यांचेही आहेत. पण त्याचा खरा ठेवा मला त्या शेवटच्या सल्ल्यात दिसतो. गावचा कारभार असो, शाळेचा वर्ग असो की सरहद्दीचे ठाणे असो, कडकपणा कुठे धरावा आणि डोळेझाक कुठे करावी, हे कळायला आयुष्य जाते. बान चाओने ते चार वाक्यांत सांगितले, आणि ऐकणाऱ्याला ते फार सोपे वाटले, एवढेच.